कुटुमसरच्या अंधारात दोनदा

पहिला दिवस : नागपूर ते धमतरी

गेली एकोणीस वर्षं मी नववीच्या मुलांना लवणस्तंभ शिकवते आहे. फळ्यावर गुहेची कमान काढायची, छताला लोंबणारे सुळके, खाली जमिनीतून वर येणारे सुळके, दोन्ही भेटले की खांब. आकृतीला नावं द्यायची, दोन गुणांचा प्रश्न म्हणून वहीत उतरवून घ्यायची. इतक्या वर्षांत मी स्वतः मात्र एकही लवणस्तंभ पाहिला नव्हता. महाराष्ट्रात राहून तो सहज दिसत नाही. आपला बहुतेक मुलूख बेसाल्टचा, लाव्ह्याच्या थरांचा. अजिंठा, वेरूळ, कार्ले ही माणसांनी छिन्नीनं कोरलेली लेणी आहेत, पाण्यानं पोखरलेल्या गुहा नव्हेत. चंद्रपूर-यवतमाळकडे चुनखडक आहे, पण तो आम्हाला माहीत आहे सिमेंटच्या कारखान्यांमुळे.

या दिवाळीच्या सुट्टीत ठरवलंच. आंध्रातल्या बोरा गुहा मोठ्या आणि जास्त प्रसिद्ध आहेत, पण तिथं रंगीत दिवे लावलेले आहेत. मला अंधारातली गुहा पाहायची होती. बस्तरमधली कुटुमसर लहान आहे, मुख्य भाग सव्वातीनशे मीटरच्या आसपास, आत वीज नाही, गाईडच्या हातातल्या दिव्याच्या उजेडात बघायची. पावसाळ्यात ती पाण्यानं भरते म्हणून बंद असते आणि नोव्हेंबरच्या सुमारास पुन्हा उघडते. आमची सुट्टी आणि गुहेची सुट्टी बरोब्बर एकमेकांना सोडून होती.

नवरा प्रशांत, सातवीतली मुक्ता आणि मी, घरच्या गाडीनं सकाळी सहाला निघालो. भंडारा, साकोली, देवरी, मग राज्याची सीमा. दिवसभर रस्ता आणि भाताची शेतं एवढंच होतं. कापणी सुरू होती. संध्याकाळी धमतरीला मुक्काम.

दुसरा दिवस : केशकालचा घाट आणि आमचो बस्तर

धमतरी सोडल्यावर कांकेरपर्यंत मैदान आहे, आणि केशकालला जमीन एकदम वर चढते. बारा वळणांचा घाट. वर पोचल्यावर आपण बस्तरच्या पठारावर असतो. हवा बदलते, झाडी बदलते. घाटातल्या तेलीन मातेच्या देवळापाशी ट्रकवाले थांबून हात जोडतात, आम्हीही थांबलो.

कोंडागावच्या पुढे चहाला उतरलो तेव्हा दुकानाच्या भिंतीवर रंगवलेलं होतं, ‘आमचो बस्तर’. मुक्ता म्हणाली, “आई, हे मराठीत लिहिलंय, पण चुकलंय.” चुकलेलं नाही, ती हलबी आहे. बस्तरमध्ये गोंडी, धुरवी, भतरी अशा कितीतरी भाषा बोलणारे लोक बाजारात एकमेकांशी हलबीत बोलतात. मराठीच्या ‘चा-ची-चे’ला हलबीत ‘चो’ आहे. चहावाल्या बाईंनी मुक्ताला विचारलं, “तुमचो नाव काय आय?” आणि मुक्तानं भाषांतराची वाट न पाहता नाव सांगून टाकलं. बाई हसल्या, आणि तिच्या हातात अजून एक भजं ठेवलं. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथवर होता हे मी इतिहासात वाचलं होतं. पण भाषेतलं हे नातं त्याहून जुनं आणि खोल असणार असं त्या बाईंच्या तोंडचा ‘चो’ ऐकताना वाटलं.

जगदलपूरला दुपारी पोचलो. संध्याकाळी बाजारात साल वृक्षाच्या पानांच्या द्रोणात विकायला ठेवलेल्या लाल मुंग्या पाहिल्या. त्यांची चटणी इथं ‘चापडा’ म्हणून खातात, आंबट आणि झणझणीत. प्रशांतनं दोनदा घेतली. मला आवडला तो मंडिया पेज. मंडिया म्हणजे नाचणी, आणि पेज म्हणजे आपली पेजच. कोकणातल्या माझ्या आजीनं आजाऱ्याला पाजली असती तशी, फक्त इथं ती उन्हातान्हात शेतावर जाताना भोपळ्याच्या तुंब्यात भरून नेतात.

तिसरा दिवस : पहिला प्रयत्न

जगदलपूरहून दक्षिणेला सुकम्याच्या रस्त्यानं निघालं की तासाभरात कांगेर खोरं राष्ट्रीय उद्यान सुरू होतं. हे उद्यान 1982 साली झालं. नाक्यावर आपली गाडी ठेवायची, तिकीट काढायचं आणि जंगल खात्यानं ठरवून दिलेल्या जिप्सीतून पुढं जायचं. आम्ही विदर्भातली माणसं, आमच्यासाठी जंगल म्हणजे सागवान. इथं सागही आहे आणि सालही, उत्तरेकडून आलेलं साल आणि दक्षिणेकडचा साग या खोऱ्यात एकमेकांत मिसळतात. जिप्सी खड्ड्यांतून उसळत जाताना वरून शिटीसारखा, मग एकदम माणसानं हाक मारल्यासारखा आवाज आला. ड्रायव्हर म्हणाला, पहाडी मैना. दिसली नाही, नुसती ऐकू आली. छत्तीसगडचा हा राज्यपक्षी आहे.

गुहेच्या तोंडाशी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. तोंड म्हणजे डोंगराच्या उतारावरची एक उभी फट. मी मनात कमान धरून आले होते, फळ्यावर काढते तशी. ही तर दगडात पडलेली चीर होती, माणूस तिरपा होऊन जाईल एवढी. तिच्यातून पायऱ्या खाली उतरतात, वळतात, पुन्हा उतरतात. समोरून वर येणाऱ्या माणसांसाठी थांबावं लागतं. सुट्टीचा दिवस होता, तीन-चार जिप्स्यांची माणसं एकाच वेळी आत होती.

आमचा गाईड जवळच्याच गावातला, तिशीचा, धुरवा समाजातला मुलगा. हातात मोठा एलईडी दिवा. मी त्याला दादा म्हटलं, तो मला दीदी म्हणाला, आणि त्यानं सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगितल्या : हात कुठंही लावायचा नाही, आणि घाई करायची नाही.

बाहेर स्वेटर घालावा असा गारवा होता. आत मात्र दहा-बारा पायऱ्या उतरताच अंगाला ऊब लागली, मग घाम फुटला. या गुहेचं तापमान वर्षभर 28 अंशांच्या आसपास असतं. उन्हाळ्यात बाहेर चाळीस असतं तेव्हा ती थंड वाटते आणि हिवाळ्यात उबदार. हवा ओलीचिंब. माणसांची गर्दी, सगळ्यांचे श्वास, दिव्यांचे झोत भिंतींवर आडवे-तिडवे. पहिल्या दालनाच्या पुढे वाट पुन्हा अरुंद होते, वाकून जावं लागतं. तिथं पुढचे लोक थांबले, मागचे आले, आणि आम्ही मधे अडकून उभे राहिलो.

मुक्ताचा हात माझ्या हातात होता. तो आधी घट्ट झाला, मग गार पडला. “आई, मला श्वास येत नाहीये.” आवाज अगदी बारीक. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की पुढं जायचं नाही. प्रशांतनं दोन्ही हात पसरून मागच्या लोकांना बाजूला केलं. गाईडनं काही न विचारता दिवा आमच्या पायांशी धरला आणि आम्हाला मागे काढलं, वर आणलं. एकोणीस वर्षं ज्याची आकृती काढत होते ते माझ्यापासून वीस-पंचवीस पावलांवर होतं. पण पायऱ्या चढताना माझ्या मनात फक्त मुलीचा श्वास मोजणं चालू होतं.

बाहेर ती एका दगडावर बसली, पाणी प्यायली, आणि रडली. भीतीनं नाही, तिला वाटत होतं तिनं माझी ट्रिप बिघडवली. मी तिला खरं तेच सांगितलं : ज्या जागी अंग नको म्हणतं तिथून परत फिरणं ही शहाणपणाचीच गोष्ट आहे. गाईड जरा लांब उकिडवा बसला होता. तो म्हणाला, “दीदी, उद्या सकाळी पहिल्या गाडीनं या. तेव्हा हवा मोकळी असते. इतक्या माणसांनी गुहासुद्धा थकते.”

हे तो सहज बोलला, पण त्यात शास्त्र आहे. बंदिस्त जागेत माणसांच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो आणि उष्णता वाढते. गुहेतली हवा बाहेरच्या हवेशी अगदी सावकाश मिसळते.

दुपारी तीरथगडचा धबधबा पाहिला. मुनगा बहार नावाचा ओढा खडकांच्या पायऱ्या-पायऱ्यांवरून पसरत खाली येतो, सगळी उंची मिळून तीनशे फुटांच्या घरात. मुक्ता पाण्यात पाय सोडून खूप वेळ बसली. रात्री जेवताना तिनं आपणहून विचारलं, “पहिली जिप्सी किती वाजता असते?”

चौथा दिवस : दुसरा प्रयत्न

तिकीट खिडकी उघडण्याच्या आधीच नाक्यावर उभे होतो. धुकं होतं. तोच गाईड मिळावा म्हणून मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आणि तो आला.

या वेळी चिरेत फक्त आम्ही चौघं. मुक्ता गाईडच्या मागे, मी तिच्या मागे. अरुंद जागा आली तेव्हा गाईडनं आधी स्वतः जाऊन पलीकडून दिवा दाखवला, म्हणजे ती किती लांब आहे ते तिला कळेल. सात-आठ पावलं होती फक्त. काल गर्दीत तिला ते अंतर दिसलंच नव्हतं. मुक्ता वाकली, गेली, आणि पलीकडून तिचा आवाज आला, “आई, ये ना, इथं खूप उंच आहे.”

खरंच खूप उंच होतं. गाईडनं दिवा वर केला, आणि मी जे पाहिलं त्याला फळ्यावरची आकृती कुठंच पुरी पडत नाही. आकृतीत सुळके एकटे-एकटे असतात. इथं छतच वितळून थांबल्यासारखं. एका बाजूला दगडाच्या झालरी, घड्या घातलेल्या पडद्यासारख्या, इतक्या पातळ की मागे दिवा धरला तर कडा मधासारखी उजळते. दुसऱ्या बाजूला जाड खांब, त्यांच्या अंगावर थरांवर थर, मेणबत्ती वितळून ओघळावी तसे. कुठं शेंदरी, कुठं पिठासारखं पांढरं, कुठं काळपट. लोखंडाचा अंश असला की तांबूस रंग येतो, निव्वळ कॅल्साइट असलं की पांढरा. आणि सगळं ओलं. प्रत्येक सुळक्याच्या टोकाला एक थेंब, पडायच्या तयारीत.

मुक्तानं विचारलं, “हे अजून बनतंय?”

हो. मी वर्गात सांगते तेच तिला सांगितलं, पण या वेळी सांगताना माझ्या डोक्यावर थेंब पडत होते. पावसाचं पाणी जंगलाच्या मातीतून झिरपतं. मातीत कुजणाऱ्या पाचोळ्यामुळे आणि मुळांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड भरपूर असतो, तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल तयार होतं. ते चुनखडकाच्या भेगांतून खाली येताना चुना विरघळवत येतं. गुहेच्या मोकळ्या हवेत आलं की त्यातला वायू उडून जातो, आणि जास्तीचा चुना पाण्याला धरून ठेवता येत नाही. तो छताच्या टोकाला कणभर बसतो, उरलेला थेंबाबरोबर खाली पडून जमिनीवर बसतो. घरी बोअरच्या पाण्याच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो, तो खरवडताना माझा हात दुखतो, तो बहुतांशी हाच पदार्थ आहे. पातेल्यात तो आठवड्यात दिसतो, कारण आपण आच देतो. इथं आच नाही. शंभर वर्षांत एखादा सेंटीमीटर, कुठं त्याहून कमी, कुठं जास्त. पाऊस किती, वरचं जंगल कसं, थेंब किती वेळानं पडतो, सगळ्यावर अवलंबून.

म्हणून वरचं जंगल तुटलं तर खालची गुहाही बदलते. हे पाठ्यपुस्तकात नाही. असायला हवं.

त्याच भिंतीवर, माणसाचा हात पोचेल त्या उंचीपर्यंत, दगड काळा आणि गुळगुळीत होता. त्याच्यावरचा भाग पांढरा. जणू कुणी पट्टी धरून रेघ मारली आहे. वर्षानुवर्षं लोकांनी टेकलेल्या हातांचा तो मळ, आणि पूर्वी मशाली, कंदील घेऊन येत तेव्हाची काजळी. बोटांवरचं तेल दगडाला लागलं की पाणी तिथं नीट पसरत नाही, नवा थर धरत नाही. शिवाय काही सुळके सरळ मोडलेले. पाच-सहा इंच लांबीचा तुकडा कुणीतरी घरी नेला असेल, कपाटात ठेवला असेल. सुकल्यावर तो नुसता मातकट दगड दिसतो. मला खूप वाईट वाटलं, रागही आला. गाईड म्हणाला, त्याचे वडील सांगायचे की त्यांच्या लहानपणी इथं आणखी खूप झुंबरं होती.

एका मोडलेल्या बुंध्याशी आम्ही थांबलो. तुटलेल्या जागी गोल गोल वलयं दिसत होती, झाडाच्या खोडासारखी. इथं मला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती मी कित्येक महिने या क्षणासाठी राखून ठेवली होती.

याच कांगेर खोऱ्यात दंडक नावाची आणखी एक गुहा आहे. तिथल्या एका लवणस्तंभाचा अभ्यास आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली प्रसिद्ध केला. त्या दगडाच्या थरांत इसवी सन 600 ते 1500 या नऊशे वर्षांच्या मोसमी पावसाची नोंद मिळाली. थरांचं वय युरेनियम आणि थोरियमच्या प्रमाणावरून काढतात. पाऊस किती होता ते ऑक्सिजनच्या हलक्या आणि जड अणूंच्या प्रमाणावरून कळतं, कारण पाऊस भरपूर पडतो तेव्हा त्या पाण्यात हलक्या ऑक्सिजनचा वाटा वाढतो आणि तोच दगडात उतरतो. त्या नोंदीत चौदाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे पाऊस पुन्हा पुन्हा रोडावल्याच्या खुणा आहेत.

आणि आपल्याकडे, दख्खनमध्ये, 1396 पासून सुमारे बारा वर्षं चाललेला दुर्गादेवीचा दुष्काळ त्याच काळातला. बहमनी राजवट होती. गावंच्या गावं ओस पडली. मराठी माणसाच्या स्मृतीत त्याचं एक नाव उरलं, फार तर दोन ओळी. पण जो पाऊस तेव्हा आला नाही, त्याची नोंद इकडे अंधारात थेंबाथेंबानं होत राहिली. ज्यांचे पाय तेव्हा भेगाळल्या शेतांवर पडले त्यांच्यात आमचेही कुणी पूर्वज असतील. मुक्ता त्या वलयांकडे बघत गप्प उभी होती. मग तिनं हळूच विचारलं, “आणि आपण आत्ता आहोत ते कुठं लिहिलं जाईल?” मी वर, टोकाला लटकलेल्या थेंबाकडे बोट दाखवलं.

पुढच्या दालनात जमिनीवर उथळ डबकी आहेत. गाईडनं आम्हाला काठापासून हातभर मागेच उकिडवं बसवलं आणि दिवा पाण्यावर सरळ न धरता तिरका धरला. “हलू नका.” बराच वेळ काही नाही. मग तळाच्या चिखलावर एक फिकट रेघ सरकली. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, रंग जवळजवळ नाहीच, गुलाबीसर पांढरट, तोंडाशी मिशा. दिवा जवळ येताच तो दगडाखाली गेला.

कुटुमसरचा हा आंधळा मासा म्हणजे लोच नावाच्या गोड्या पाण्यातल्या लहान माशांपैकी एक, शास्त्रीय नाव इंडोरिओनेक्टिस एव्हझार्डाय. गुहेतल्या सगळ्यांचे डोळे पूर्ण गेलेले नाहीत. काहींचे अगदी बारीक आहेत, काहींचे दिसतच नाहीत. काळोखात डोळे बाळगण्याचा उपयोग नसतो, ते बिघडले तरी जगण्यात अडत नाही, म्हणून पिढ्यांमागून पिढ्या ते लहान होत जातात, आणि अंगाचा रंगही तसाच जातो. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठातल्या संशोधकांनी यांच्या दिनचर्येवर बरंच काम केलं आहे : जिथं दिवस आणि रात्र नाही तिथं माशाच्या शरीरातलं घड्याळ चालतं का, हा त्यातला प्रश्न.

पण मला सगळ्यात आनंद झाला तो या माशाच्या जन्मदाखल्याचा. फ्रान्सिस डे या मत्स्यतज्ज्ञानं 1872 साली या जातीचं पहिलं वर्णन केलं ते पुण्याच्या माशांवरून. म्हणजे दख्खनच्या ओढ्यांत उजेडात पोहणारे, डोळे असलेले, अंगावर ठिपके-पट्टे असलेले याचे भाऊबंद आपल्याकडे आहेत. मुक्ताची आत्या पुण्यात राहते. मुक्ता म्हणाली, “म्हणजे हा आत्याच्या गावचा?” गाईडला मी हे हिंदीत सांगितलं. रोज तो लोकांना हा मासा दाखवतो, पण त्याचं हे नातं त्याला नवं होतं. त्यानं ‘पुणे’ हा शब्द दोनदा म्हणून पाहिला.

आणि त्यानं मला एक गोष्ट दिली, जी मला माहीत नव्हती. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी आत शिरतं तेव्हा पानं, काटक्या, सगळा कचरा वाहून येतो. आम्ही तो कोपऱ्यांत साचलेला पाहून नाक मुरडलं होतं. तो म्हणाला, हीच यांची शिदोरी. पुढचे आठ महिने गुहेतले जीव त्यावर आणि वटवाघळांच्या विष्ठेवर जगतात. त्याच कचऱ्यावर त्यानं आम्हाला एक फिकट किडा दाखवला, स्वतःच्या शरीराच्या कितीतरी पट लांब मिशा असलेला. हा गुहेतला रातकिडा, केंपिओला शंकरी. 1950च्या दशकात ही गुहा पहिल्यांदा शास्त्रीय नजरेनं पाहणारे भूगोलाचे अभ्यासक डॉ. शंकर तिवारी यांचं नाव त्याला दिलेलं आहे. ते इथं उतरले असतील तेव्हा ना पायऱ्या होत्या, ना एलईडी. एका भूगोलाच्या माणसाचं नाव त्याच्या गुहेतल्या एका जिवाला मिळालं, याहून चांगलं स्मारक मला सुचत नाही.

शेवटच्या दालनात एका ठेंगण्या लवणस्तंभाला शिवलिंग मानतात. समोर फुलं, थोडा अबीर. मी हात जोडले. उदबत्ती मात्र आत लावू नये असं मला मनापासून वाटतं, धूर बाहेर जायला वाट नाही आणि तो शेवटी त्या पिंडीवरच बसतो. गाईडला मी हे म्हटलं. तो म्हणाला, आम्ही सांगतो, काहीजण ऐकतात.

परत फिरण्याआधी त्यानं मुक्ताला विचारलं, “दिवा बंद करू? घाबरशील?” मुक्तानं माझ्याकडे न बघता “करा” म्हटलं.

अंधार म्हणजे काय ते मला तोपर्यंत ठाऊक नव्हतं. घरात लाइट जातात तेव्हा खिडकी दिसते, आकाश दिसतं. इथं डोळे उघडे आहेत की मिटलेले तेच कळेना. आणि मग गुहा ऐकू यायला लागली. जवळ एक थेंब, टप्पकन, पाण्यात. लांब एक, दगडावर, जरा कोरडा. मधेच पंखांची फडफड. मुक्ता कुजबुजत आकडे मोजत होती. सतरापर्यंत आली की तोच थेंब पुन्हा पडायचा. पुन्हा एकपासून सतरा. पुन्हा. तिनं असं किती वेळा मोजलं कोण जाणे. प्रशांतचा हात माझ्या खांद्यावर होता. कुणालाच दिवा लागावा असं वाटत नव्हतं.

ज्या चुनखडकात आम्ही उभे होतो तो पृथ्वीवर मासे जन्माला येण्याच्याही आधीचा आहे, किमान 54 कोटी वर्षं जुना. एका उथळ समुद्राच्या तळाशी साठलेला. तो समुद्र गेला, तळ डोंगर झाला, डोंगर पोखरला गेला, पोकळीत पुन्हा पाणी आलं, आणि त्या पाण्यात आता पुण्याचा मासा पोहतो आहे. मी हे सगळं बोलले नाही. बोलायची गरजही नव्हती.

दिवा लागला तेव्हा मुक्ता म्हणाली, “मी आता अरुंद जागेतून आधी जाऊ?” आणि गेली.

वर आलो तर फटीपाशी पुढच्या गाड्यांची रांग लागलेली. मुक्ताच्याच वयाचा एक मुलगा आईचा पदर धरून आत डोकावत होता. मुक्ता त्याच्यापाशी थांबली. हिंदीत म्हणाली, “सात-आठच पावलं आहेत. मग खूप उंच आहे.”

दुपारी चित्रकोट. इंद्रावती नदी घोड्याच्या नालेच्या आकारात तीसेक मीटर खाली उडी घेते. भर पावसात इथलं पाणी गढूळ, तांबडं असतं म्हणतात, आम्हाला निवळलेलं, पांढरं दिसलं, कडेच्या खडकांना मधेमधे उघडं ठेवणारं. काठावर बसून उकडलेले शेंगदाणे खाल्ले. ही नदी इथून पश्चिमेला वाहत जाते, गडचिरोलीची सीमा होते आणि सिरोंचा तालुक्यात सोमनूरजवळ गोदावरीला मिळते. प्रशांतचं बालपण सिरोंच्यात गेलं आहे. त्यानं वाकून ओंजळभर पाणी घेतलं, तोंडावर मारलं, आणि उरलेलं परत नदीत सोडलं.

पाचवा दिवस : परत

पहाटे चारला निघून रात्री साडेनवाला नागपुरात. वाटेत कांकेरला जेवण, देवरीला चहा, बाकी गाडी चालवणं. मुक्ता मागे झोपली होती. तिच्या वहीत गुहेची आकृती काढलेली सापडली : चीर, वळणाऱ्या पायऱ्या, अरुंद जागेपाशी ‘८ पावलं’, डबक्यापाशी एक छोटा मासा, आणि शेवटच्या दालनात नुसता काळा केलेला चौकोन, त्यात ‘१७’. माझ्या फळ्यावरच्या आकृतीत यातलं काहीच नसतं. शाळा उघडली की तिची परवानगी घेऊन ती वर्गात लावणार आहे.

तिच्या बुटांना गुहेचा चिखल वाळून बसला आहे. धुवायला काढले तर म्हणाली, राहू दे अजून थोडे दिवस. गॅलरीत ठेवले आहेत.